पहिलं स्पिटफायर जोडताना

पहिल्या प्लास्टिक विमानासाठी आम्ही नवख्याला एकच किट सुचवतो: एअरफिक्स कंपनीचं १/७२ मापातलं स्पिटफायर मार्क १, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाची पहिली आवृत्ती. भाग पन्नासाच्या आत, इंजिन एक, बैठक एक. शिवाय हे विमान शेपटीच्या चाकावर टेकून उभं राहतं, त्यामुळे नाकात वजन भरावं लागत नाही. १/७२ म्हणजे खऱ्या विमानाच्या सहा फुटांना मॉडेलवर एक इंच. खऱ्या मार्क १ चा पंखविस्तार ११.२३ मीटर आणि लांबी ९.१२ मीटर, म्हणजे मॉडेल पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेपंधरा सेंटिमीटर आणि लांबीला पावणेतेरा. एका वितीत मावतं.

घेताना साचा नवा आहे ना, एवढं बघावं. जुन्या साच्यांवर पत्र्यांच्या जोडरेषा उठावाच्या असत. सांधा घासताना त्या पुसल्या जातात आणि पुन्हा आणता येत नाहीत. नव्या साच्यांत त्या कोरलेल्या असतात. पुसट झाल्याच तर सुईच्या टोकाने पुन्हा ओढता येतात. नवख्याला हा फरक फार मोठा पडतो.

हत्यारं थोडीच लागतात, पण ती नेमकी हवीत. सपाट तोंडाचा निपर, टोकदार पात्याची पेन-सुरी, बारीक चिमटा, मास्किंग टेप, रबरबँड, कपडे वाळत घालायचे दोन-तीन चिमटे, आणि ४००, ६००, १००० व १५०० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात बुडवून घासायचा काळा पॉलिश पेपर. घरातला वायर कापायचा कटर निपर म्हणून वापरू नये. त्याच्या पात्यांना दोन्ही बाजूंनी उतार असतो. तो प्लास्टिक कापण्याऐवजी चिरडतो आणि भागाच्या कडेवर पांढरा डाग उमटतो.

आता गोंदाविषयी. इथे थोडं थांबणं भाग आहे, कारण बिघडलेल्या पहिल्या मॉडेलांचं मूळ आम्हाला बहुतेक वेळा इथेच सापडलं आहे. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीनचं असतं. त्याच्यासाठीचं सिमेंट चिकटवण्याचं काम करतच नाही. ते दोन्ही भागांचा पृष्ठभाग विरघळवतं, मऊ झालेले थर एकमेकांत मिसळतात, द्रव उडून जातो आणि मागे एकसंध प्लास्टिक उरतं. हे वेल्डिंग आहे. म्हणून रंगावर सिमेंट धरत नाही. सांध्याच्या कडांवर रंग लागला असेल तर तो आधी खरवडावा लागतो. फेव्हिकॉलने प्लास्टिकचा सांधा पक्का जोडला जात नाही, कारण त्यातलं पाणी पॉलिस्टायरीनला काहीच करत नाही. फेव्हिक्विक जोडतं, पण वेल्ड करत नाही. सांधा ठिसूळ राहतो आणि भाग सरळ करायला दोन सेकंदही मिळत नाहीत. उलट हार्डवेअरच्या दुकानातला एन.सी. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर इतके जहाल असतात, की कोरलेल्या रेषा डोळ्यांदेखत वितळतात. कुठला द्रव कशाला विरघळवतो, हा प्रश्न या कामात शेवटच्या दिवसापर्यंत सोबत राहतो.

किटच्या भेटसंचात ट्यूबमधलं घट्ट सिमेंट येतं. ते ठेवून द्यावं आणि तामियाची हिरव्या झाकणाची, झाकणालाच ब्रश असलेली पातळ सिमेंटची बाटली घ्यावी. चाळीस मिलिलिटरची एक बाटली कित्येक मॉडेलांना पुरते. खिडकी उघडी ठेवून काम करावं. बाटली सांडू नये म्हणून ती जड वाटीत किंवा जाड थर्माकोलऐवजी लाकडाच्या ठोकळ्यातल्या भोकात बसवावी. थर्माकोलही पॉलिस्टायरीनच आहे. सिमेंटचा थेंब पडला की त्यात खड्डा पडतो.

पहिल्या दिवशी जोडायला काहीच घ्यायचं नाही. भागांची चौकट, जिला सगळे स्प्रू म्हणतात, ती कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने हलकेच धुवायची. साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेला तेलकट अंश आणि हाताचा घाम राहिला तर रंग त्या जागी सरकतो. पाणी कढत नको, पातळ भाग वाकतात. रात्रभर वाळू द्यावं आणि तोवर सूचनापत्रक दोनदा वाचावं. कुठला भाग कधी रंगवायचा ते त्याच वेळी पेन्सिलने खुणावून ठेवलं की पुढे घोटाळा होत नाही.

भाग कापताना घाई करू नये. निपर भागाला टेकवून एकदाच तोडायचा मोह होतो आणि मग भागाच्या कडेचा टवका निघतो. पहिला काप भागापासून दोन मिलिमीटर लांब, स्प्रूच्या बाजूला घ्यायचा. भाग मोकळा झाला की उरलेला खुंट निपरच्या सपाट बाजूने अर्धा मिलिमीटर ठेवून दुसऱ्यांदा कापायचा. राहिलेला कण सुरीने सोलून, मग ६०० नंबरच्या पेपरने दोन-तीन वेळा घासायचा. बोटाचं नख फिरवलं आणि कुठे अडलं नाही, की झालं. स्पिटफायरच्या चाकांचे पाय आणि नाकापुढचा पंखा यांना हे विशेष लागू आहे, कारण ते निपरच्या दाबाने मधोमध मोडतात. भाग लागेल तसाच कापावा. सगळे एकदम कापले की आकड्यांशी ताळमेळ सुटतो.

विमानाच्या धडाचे दोन अर्धे बंद करण्याआधीच कॉकपिट रंगवावं लागतं, मागाहून ब्रश आत जात नाही. भिंती आणि जमीन राखाडीकडे झुकणाऱ्या फिक्या हिरव्या रंगाची. हम्ब्रॉलचा ७८ नंबर त्यासाठीच आहे. यंत्रफलक काळा. वैमानिकाच्या आसनपट्ट्यांसाठी मास्किंग टेपच्या अर्ध्या मिलिमीटर रुंदीच्या चिंध्या कापून आसनावर चिकटवल्या तरी या मापात छान दिसतात. ब्रशवर फिक्या राखाडीचा अगदी थोडा रंग घेऊन, तो कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करावा आणि फलकावरून फिरवावा. फक्त उठावावर रंग बसतो आणि घड्याळांच्या तबकड्या आपोआप उमटतात. याहून जास्त वेळ कॉकपिटवर घालवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. कॉकपिटवरची पारदर्शक प्लास्टिकची काच बसली की यातलं फार थोडं दिसतं. तेवढाच वेळ पंखांच्या सांध्यावर दिला तर मॉडेल उजळून निघतं.

धडाचे दोन अर्धे जुळवण्याआधी ते कोरडेच, गोंदाशिवाय, एकत्र धरून बघायचे. कॉकपिट आत असताना भेग राहत असेल तर जमिनीच्या पट्टीची कड कुठेतरी अडत असते. ती घासायची, दाबून बंद करायचं नाही. मनासारखं जुळलं की रबरबँड चढवायचे, पण सांध्यापासून बाजूला. मग ब्रश बाटलीच्या तोंडावर निथळून घ्यायचा आणि त्याचं टोक सांध्याला फक्त टेकवायचं. द्रव केशाकर्षणाने रेषेत धावतो. एका टेकवण्यात दोन-तीन सेंटिमीटर रेष ओली होऊन गडद झालेली दिसते. तिथून पुढे दुसरं टेकवणं. धड हलकेच दाबलं की सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकचा केसासारखा मणी वर येतो. तो यायलाच हवा. तो आला म्हणजे आत पोकळी राहिली नाही. त्याला बोट लावायचं नाही, पुसायचं नाही. आणि दाबणारं बोट सांध्यावर नको: द्रव बोटाखालीही धावतो आणि बोटाचा ठसा प्लास्टिकवर कायमचा कोरला जातो. पहिल्या मॉडेलवर हा ठसा बहुतेकांच्या हातून उमटतो. उमटलाच तर तो ओला असताना काही करू नये. दुसऱ्या दिवशी घासावा.

इथे २४ तास थांबायचं. दोन तासांनी सांधा कडक लागतो, पण आतून प्लास्टिक अजून मऊ असतं. तेव्हाच घासून सपाट केलं तर आठवड्याभरात उरलेला द्रव उडतो, प्लास्टिक आकसतं आणि रंगवलेल्या पाठीवर बरोबर मधोमध खोलगट रेष दिसू लागते.

पंखांत दोन जागी चूक होते. खालचा पंख बहुधा एकसंध असतो आणि वरचे दोन अर्धे त्यावर बसतात. पंख वर किती उचललेले हवेत हे खालच्या तुकड्यानेच ठरतं. खऱ्या विमानात हा कोन सहा अंशांचा, म्हणजे मॉडेलवर पंखाचं टोक मुळापेक्षा साधारण सात मिलिमीटर उंच. पंख धडाला भिडतात तिथे वरून भेग दिसत असेल तर लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुटी, भरण्याच्या आधी हा उपाय करावा: मास्किंग टेपची एक लांब पट्टी एका पंखाच्या टोकाजवळ चिकटवून, धडावरून ताणून दुसऱ्या पंखावर न्यावी. पंख वर ओढले जातात आणि भेग मिटते. मग खालून आणि वरून सिमेंट टेकवावं. समोरून डोळ्याच्या पातळीवर धरून दोन्ही टोकं टेबलापासून सारखी उंच आहेत का हे पट्टीने मोजावं. शेपटीचे आडवे पंख याच वेळी लावावेत; ते मुख्य पंखांशी समांतर नसतील तर कुठल्याही रंगाने तो दोष झाकत नाही.

दुसरी चूक पोटाखाली होते. मार्क १ च्या दोन पंखांखालच्या पेट्या सारख्या नाहीत. उजव्या पंखाखाली मोठा चौकोनी रेडिएटर, डाव्या पंखाखाली तेल थंड करणारी अरुंद, गोलसर पेटी. विमान उलटं करून काम करताना उजवं-डावं हमखास बदलतं. वैमानिक बसतो त्या दिशेने उजवं मोजायचं, आणि चिकटवण्याआधी पंखाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने ‘उ’ लिहून ठेवायचं.

राहिलेल्या बारीक भेगांत मोटारीच्या रंगाच्या दुकानातली एन.सी. लांबी चालते, पण ती खसखशीएवढी घ्यायची. तिच्यातही द्रावक असतो. जाड थर दिला तर खालचं प्लास्टिक मऊ पडतं आणि वरची लांबी वाळताना आकसून चिरते. भेगेच्या दोन्ही बाजूंना टेप लावून, मधे लांबी भरून, लगेच टेप काढली की घासायचं काम चौथाईवर येतं. वाळल्यावर ६००, मग १०००, दोन्ही पाण्यात भिजवून. घासण्याची धूळ छातीत जाऊ नये यासाठीही पाणी हवंच.

मग अस्तर. राखाडी प्रायमरचा एक पातळ हात दिला की डोळ्याला न दिसलेले ओरखडे आणि भेगा उघड्या पडतात. त्या दुरुस्त करून पुन्हा तेवढ्याच जागी अस्तर द्यायचं. आमच्या हातून हे दोनदा तरी होतंच; नवख्याने तीनदाची तयारी ठेवावी.

रंगाचा प्रकार ठरवताना पुन्हा तोच प्रश्न येतो. ब्रशने रंगवायचं असेल तर पाण्यात मिसळणारा व्हॅयेहोसारखा अ‍ॅक्रिलिक किंवा टर्पेंटाइनमध्ये मिसळणारा हम्ब्रॉलचा इनॅमल घ्यावा. तामियाचे अ‍ॅक्रिलिक फवाऱ्याने सुरेख बसतात, पण ब्रशने दुसरा हात देताना त्यातला अल्कोहोल खालचा हात पुन्हा ओला करतो आणि रंगाचे गोळे ओढले जातात. इनॅमल सपाट आणि गुळगुळीत बसतो, मात्र दोन हातांमध्ये पूर्ण दिवस जाऊ द्यावा लागतो. अ‍ॅक्रिलिकला अर्धा-पाऊण तास पुरतो. वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवर इनॅमल चालतो. इनॅमलवर लॅकर दिला तर खालचा थर सुरकुततो.

पहिला हात कायम वाईट दिसतो. पट्टे पडतात, खालचं अस्तर दिसतं. तिथे घाबरून जाड रंग थोपायचा नाही. रंग दुधाएवढा पातळ हवा, ब्रश सपाट आणि किमान सहा मिलिमीटर रुंद, आणि वाळू लागलेल्या जागेवर परत ब्रश न्यायचा नाही. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने. तिसऱ्या हाताला पृष्ठभाग एकसारखा होतो.

१९४० च्या उन्हाळ्यातल्या स्पिटफायरचे रंग तीन. पोट ‘स्काय’, म्हणजे पिवळसर झाक असलेला अतिशय फिका हिरवा. वर मातीचा तपकिरी आणि गडद हिरवा. जून १९४० च्या आधीचं विमान करायचं तर पोट अर्धं काळं, अर्धं पांढरं. आधी पोट रंगवावं, मग वरून सगळं तपकिरी, आणि त्यावर हिरव्याचे पट्टे. पट्ट्यांची कड पेन्सिलने आखून घ्यावी, बारीक ब्रशने तेवढी ओढावी आणि मग आतला भाग भरावा. या मापात कड स्पष्टच चांगली दिसते.

रंग मॅट असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो खरबरीत असतो आणि त्यावर थेट डीकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचं छापील चिन्ह, लावली तर पटलाखाली हवा अडकून चंदेरी चकाकी येते. म्हणून आधी ग्लॉस वार्निशचे दोन पातळ हात, एक दिवस वाळवण. डीकॅल एक-एक कापून वीस-तीस सेकंद पाण्यात धरायची, मग ओल्या कागदावर मिनिटभर ठेवायची. बोटाने हलकेच ढकलल्यावर कागदावरून सरकली तरच उचलायची. तशी सरकत नसताना ओढली तर फाटते. कागदासकट जागेवर नेऊन कागद खालून काढून घ्यायचा. भिजवलेल्या ब्रशने जागा नेमकी करून कापसाच्या काडीने मधून कडेकडे पाणी टिपायचं. वरून मायक्रो सोलसारखा मऊ करणारा द्रव लावला की पाच मिनिटांत डीकॅल भयंकर सुरकुतते. या क्षणी हात मागे घ्यायचा. तो द्रव पटलच विरघळवत असतो, आणि तासाभरात सुरकुत्या आपोआप बसून डीकॅल कोरलेल्या रेषांत उतरते, जणू रंगवलीच आहे. सुरकुती बघून बोट लावलं तर ती तशीच फाटते.

कुठल्या तुकडीचं विमान करायचं, यात मराठवाड्यातल्या वाचकाला एक जवळची वाट आहे. रॉयल एअर फोर्सची १५२ वी तुकडी ‘हैदराबाद’ तुकडी म्हणून ओळखली जाई, कारण तिच्यासाठी निजामाने पैसे दिले होते. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तुकडीच्या चिन्हावर निजामाचं शिरोभूषण होतं. १९४० मध्ये ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या वॉर्मवेलहून स्पिटफायर उडवत होती आणि तिच्या विमानांवर ‘यू एम’ ही अक्षरं असत. किटमधल्या डीकॅलच्या कागदावर ती नसली तर फिक्या राखाडी अक्षरांच्या डीकॅलचा सुटा कागद घेऊन ती जुळवता येतात.

डीकॅल बसल्यावर चाकं. दोन्ही पाय एकाच बैठकीत लावावेत, कारण सिमेंट सावकाश धरतं आणि दहा मिनिटं कोन सुधारता येतो. स्पिटफायरचे पाय धडाच्या अगदी जवळून निघतात, जरा बाहेर फाकतात आणि पुढे झुकतात. समोरून, बाजूने आणि वरून बघून मग रात्रभर विमान उलटं ठेवावं. पंख्याच्या पाती काळ्या, टोकं पिवळी. खरी पिवळी पट्टी चार इंचांची, म्हणजे मॉडेलवर दीड मिलिमीटरला जरा कमी. आधी पिवळा देऊन, टोकावर टेप गुंडाळून काळा दिला तर तिन्ही सारख्या येतात.

शेवटचा मॅट वार्निशचा हात कोरड्या दिवशी द्यावा. जुलैत मुंबई-कोकणात फवाऱ्याच्या डब्यातलं वार्निश मारलं की द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि विमान दुधाळ पांढरं पडतं. पावसाळ्यात मॉडेल पुरं होत असेल तर पाण्याचं वार्निश ब्रशने द्यावं किंवा कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबावं.

काच मात्र या सगळ्याआधी, रंगापूर्वीच बसवलेली असते, तीही फेव्हिकॉलने. सिमेंट काचेला तडे पाडतं, फेव्हिक्विकची वाफ तिला आतून धुरकट करते. फेव्हिकॉल पांढरा लागतो, पारदर्शक वाळतो आणि जास्त झालेला ओल्या ब्रशने निघतो. काचेचे चौकोन टेपने झाकून चौकटीवर सर्वात आधी कॉकपिटचा फिका हिरवा द्यायचा, मग वरचा तपकिरी किंवा हिरवा. वार्निश वाळल्यावर टेपचा कोपरा काडीच्या टोकाने उचलून, काचेला जवळजवळ समांतर ठेवत मागे ओढायची. रंगाची कड उसवत असेल तर थांबून ती सुरीने नुसती टेकवून कापावी. टेप निघाली की विमान जरा तिरकं धरून काचेतून आत बघा: चौकटीची आतली बाजू फिकी हिरवी दिसते, खऱ्या विमानात बसलेल्या माणसाला दिसायची तशी.